ड्रंकन टायगर ते टायगर जेके: कोरियन हिप हॉपचा पाया घालणाऱ्याची कारकीर्द

सोळामात्रा (धागाकर्ता)

कोरियन गाणी ऐकणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. पण तिथल्या रॅपबद्दल बोलणं निघालं की गाडी आयडॉल गटांतल्या (मोठ्या कंपन्यांनी घडवलेल्या पॉप गटांतल्या) रॅपरपाशीच अडते. त्यांच्या आधीची पिढी समजून घ्यायची तर टायगर जेकेपर्यंत मागे जावं लागतं. मराठीत त्याच्या कामाची सलग नोंद सापडत नाही, म्हणून हा धागा. ज्यांना भर घालायची आहे त्यांनी अवश्य घाला.

खरं नाव सॉ जंग-क्वॉन, जन्म २९ जुलै १९७४, सोल. वडील सॉ ब्यंग-हू हे पाश्चात्त्य पॉप संगीतावर लिहिणारे कोरियातले अगदी सुरुवातीचे समीक्षक. कुटुंब अमेरिकेला गेलं आणि मुलगा लॉस एंजेलिसमध्ये वाढला. ही जागा आणि हा काळ महत्त्वाचा आहे. १९९१ मध्ये आइस क्यूबचं 'ब्लॅक कोरिया' आलं, ज्यात कोरियन दुकानदारांना उघड धमकी होती. एप्रिल १९९२ च्या दंगलीत कोरियन लोकांची असंख्य दुकानं जळाली. त्याच वर्षी तिथल्या एका हिप हॉप कार्यक्रमात जेकेने त्या गाण्याला रॅपमधूनच उत्तर दिलं. ज्या कलेतून आपल्या लोकांवर शिव्या आल्या, त्याच कलेत उभं राहून बोलायचं, हा त्याचा पवित्रा तिथे ठरला आणि पुढे सुटला नाही.

१९९५ मध्ये त्याने कोरियात 'एंटर द टायगर' हा अल्बम काढला. चालला नाही. तेव्हाच्या कोरियात रॅप म्हणजे नृत्यगाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये येणारा तुकडा. पूर्ण गाणं रॅपचंच, तेही नाच न करता, हा माल कुठे ठेवायचा हे दुकानाला आणि टीव्हीला दोघांनाही कळत नव्हतं.

मग डीजे शाइन या रॅपरबरोबर ड्रंकन टायगर हा गट उभा राहिला. पहिला अल्बम 'इयर ऑफ द टायगर', १९९९. (१९७४ आणि १९९८ ही दोन्ही कोरियन राशिचक्रातली वाघाची वर्षं.) त्यातल्या 'नान नॉल वॉन्हे' आणि 'नॉहीगा हिपहाबुल आनुन्या' या दोन गाण्यांनी काम केलं. पहिलं गोड, लगेच तोंडी बसणारं. दुसऱ्याचं शीर्षकच सवाल आहे: तुम्हांला हिप हॉप ठाऊक तरी आहे का? अल्बम विकला जायला पहिलं गाणं लागलं आणि नाव व्हायला दुसरं.

पुढचा क्रम असा: दुसरा अल्बम २०००, तिसरा 'द लेजंड ऑफ...' २००१ ('गुड लाइफ' यातलं), चौथा 'प्पुरी' म्हणजे मुळं, २००३. पाचवा २००४. २००५ मध्ये डीजे शाइन बाहेर पडला आणि सहावा '१९४५ हेबांग' जेकेने ड्रंकन टायगर याच नावाने एकट्याने काढला. जपानी सत्तेतून कोरिया सुटला त्याला तेव्हा ६० वर्षं होत होती. सातवा 'स्काय इज द लिमिट' २००७, आठवा 'फील गूड म्युझिक: द एट्थ वंडर' २००९, नववा 'साल्जा' २०१३, दहावा आणि या नावाचा शेवटचा २०१८.

माझं म्हणणं एकच आहे. 'पहिला कोरियन रॅपर' हा मान त्याचा नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. रॅपरने स्वतः लिहिलेला, रॅपवरच उभा असलेला अल्बम मुख्य बाजारात विकला जाऊ शकतो हे त्याने दाखवलं, आणि ती वाट स्वतःपुरती न ठेवता दहा-पंधरा जणांना तिच्यावर आणलं. हे दुसरं काम पहिल्याहून मोठं आहे.

---

कॅसेटपेटी

उत्तम धागा. 'पहिला कोण' हा प्रश्न येणारच आहे, तर तो आधीच निकालात काढू.

१९८९: होंग सॉ-बॉमचं 'किम साट-गाट'. एका फिरत्या जुन्या कवीवरचं, बोलण्याच्या चालीतलं गाणं. कोरियन भाषेतल्या रॅपचा पहिला नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी याचंच नाव येतं.

१९९०: ह्यन जिन-यंग. एसएम कंपनीचे संस्थापक ली सू-मान यांनी पुढे आणलेला पहिला कलाकार. न्यू जॅक स्विंगचा (हिप हॉप आणि आर अँड बी यांच्या मिश्रणाचा) ठेका, नाच, मध्ये रॅप.

१९९२: सॉ ताइजी अँड बॉइज. 'नान आरायो'ने सगळं उलटंपालटं केलं. याच गटातला यांग ह्यन-सॉक पुढे वायजी कंपनी काढतो.

१९९३ ते १९९५: ड्यूस. ली ह्यन-दो आणि किम सॉंग-जे. माझ्या मते तालाची बारीक समज या काळात सर्वांत जास्त ली ह्यन-दोकडे होती. ड्यूस न ऐकता थेट ड्रंकन टायगरकडे उडी मारली तर मधली पायरी कळत नाही.

१९९७: वायजीतून जिनुशॉन. त्याच वर्षी हायटेल या संगणक-जोडणीवरच्या 'ब्लेक्स' नावाच्या श्रोतेमंडळाने स्वतःचं संकलन काढलं. पुढे गारिओन या रॅप गटात आलेला एमसी मेटा याच मंडळातला. सोलच्या शिन्चोन भागातला 'मास्टर प्लॅन' क्लब याच सुमाराचा.

म्हणजे १९९९ मध्ये दोन प्रवाह होते. एक टीव्हीवरचा नाचासकटचा, दुसरा तळघरातल्या क्लबांचा. जेके दोन्हीत पूर्णपणे बसत नव्हता: अमेरिकेतून आलेला, पण मोठ्या कंपनीचा आयडॉल नाही, रॅपर, पण क्लबांतून वर आलेला नाही. म्हणूनच दोन्हीकडचे लोक त्याच्याबरोबर काम करू शकले.

एक गोष्ट यात जोडायला हवी. जून १९९६ पर्यंत कोरियात गाणी प्रसिद्ध होण्याआधी सरकारी समितीकडून तपासून घ्यावी लागत. सॉ ताइजींचं 'शिदे युगाम' १९९५ मध्ये शब्दांशिवाय, नुसत्या वाद्यसंगीतासकट आलं ते याच कारणाने. ही पूर्वतपासणी उठल्यावर तीन वर्षांच्या आत 'इयर ऑफ द टायगर' आला. १९९५ चा अल्बम पडला आणि १९९९ चा चालला यात गुणवत्तेच्या फरकाइतकाच हा बदलही धरला पाहिजे.

---

पूर्वा_द

पूर्वतपासणी उठली तरी वाहिन्यांची चाळणी राहिलीच, हेही लिहायला हवं. केबीएस, एमबीसी, एसबीएस या तिन्ही वाहिन्या आपापली गाणी-तपासणी करतात. एकीकडे मंजूर झालेलं गाणं दुसरीकडे अडू शकतं. शिवाय '१९ वर्षांखालील मुलांसाठी नाही' हा शिक्का वेगळाच. शिक्का बसला की कोरियातल्या ऑनलाइन सेवांवर वयाची पडताळणी केल्याशिवाय गाणं वाजत नाही आणि टीव्हीवर ते रात्री उशिराशिवाय येत नाही. म्हणून रॅप अल्बममध्ये एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या दिसतात. दोन्हींची लांबी सेकंदापर्यंत सारखी असेल तर शब्द गाळलेली आवृत्ती कोणती हे नावाच्या शेवटी पाहून ओळखावं. शब्दांच्या जागी शांतता किंवा उलटा वाजवलेला आवाज येतो. ओळ मोजायला बसलात तर चुकून ही आवृत्ती घेऊ नका, मात्रा रिकाम्या दिसतात आणि रॅपरने तिथे मुद्दाम थांबा घेतला असं वाटतं.

---

अक्षरगण

एक शंका. कोरियन वाक्य मराठीसारखंच क्रियापदाने संपतं ना? मग ओळीच्या शेवटी यमक जुळवणं त्यांना फारच सोपं जात असणार. त्यात कौशल्य ते काय?

---

नादलय

अक्षरगण, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. सोपं आहे म्हणूनच ते निकामी आहे.

कोरियन वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि त्याला चिकटलेला प्रत्यय. साध्या भूतकाळाला शेवटी '-त्ता', चालू क्रियेला '-न्दा', आदराने बोलताना '-यो'. कोणतीही दोन वाक्यं घ्या, शेवट जुळतोच. पण ऐकणाऱ्याचा कान ते जुळणं धरत नाही, कारण ते व्याकरणाने फुकट दिलेलं आहे. 'कान्दा' आणि 'बोन्दा' (जातो, पाहतो) ही जोडी यमक म्हणून कुणाला जाणवतच नाही. नव्वदच्या दशकातलं बरंचसं कोरियन रॅप ऐकताना घोषणा वाचून दाखवल्यासारखं वाटतं त्याचं मोठं कारण हे.

यावर तीन उपाय निघाले आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे.

पहिला, क्रियापद पुढे आणून ओळ नामावर संपवणं. लगेच उठाव येतो. पण प्रत्येक ओळीत हेच केलं की सगळं वर्तमानपत्राच्या मथळ्यांसारखं तुटक होतं आणि कोण कुणाला काय म्हणतंय ते हरवतं. सोळा ओळींत चार-पाच वेळा ठीक, त्यापुढे कृत्रिम.

दुसरा, चिनी मूळ असलेली दोन-तीन अक्षरी नामं शेवटी आणणं. अशा शब्दांना '-जॉक', '-सॉंग', '-ह्वा' असे ठरावीक शेवट असतात, त्यामुळे जोड्या भराभर मिळतात. दुखणं असं की हे शब्द पुस्तकी. भावनेचं गाणं असेल तर परिपत्रक वाचल्यासारखं होतं.

तिसरा आणि खरा उपाय, शेवटच्या प्रत्ययाकडे दुर्लक्ष करून त्याच्या आधीच्या दोन, तीन, चार अक्षरांचे स्वर जुळवणं. व्यंजन वेगळी चालतात, स्वरांची रांग तीच हवी. साधं उदाहरण: 'सा-राम-दुल' (माणसं) आणि 'बा-रा-मुन' (वारा, पुढे विषयदर्शक प्रत्यय). दोन्हीत आ, आ आणि ओठ ताणून म्हटलेला उ. एक नाम बहुवचनी, दुसरं प्रत्ययासकट, व्याकरणाचा सांधा वेगळा, आणि तरी तीन अक्षरं जुळतात. इथे कान टवकारतो. दुखणं: स्वरांच्या मागे धावताना अर्थ वाकवला जातो. हौशी रॅपरांची कडवी यातच बुडतात. शब्द जुळलेले असतात, पण सांगायचं काही उरत नाही.

या तिसऱ्या पद्धतीला शिस्त लावून मांडण्याचं श्रेय वर्बल जिंटला जातं. त्याची 'मॉडर्न राइम्स' ही छोटी तबकडी २००१ ची. नाउनुरी या संगणक-जोडणीवरच्या मंडळातून आलेल्या एसएनपी या कंपूतला तो. त्याच कंपूतल्या पी-टाइपचा 'हेवी बेस' २००४ चा. पुढची दहा वर्षं 'यमक महत्त्वाचं की प्रवाह (फ्लो, म्हणजे ठोक्यावर शब्द वाहण्याची ढब)' हा वाद कोरियन रॅपच्या चर्चामंडळांवर धगधगत राहिला.

आता टायगर जेके यात कुठे? त्याची ताकद दाट यमकात नाही, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावं. तो इंग्रजीत वाढलेला आणि कोरियन ओळ तो मोठ्याने बोलून पाहतो तशी लिहितो. त्याच्या ओळी आखूड, आवाज खरखरीत, आणि ठोक्याच्या किंचित मागे राहण्याची सवय. प्रत्ययाचा प्रश्न तो निराळ्याच रीतीने सोडवतो. 'मॉन्स्टर' (२००९) घ्या. धृपदात 'बाल्ला बॉर्यॉ' हे बोलभाषेतलं एकच क्रियापद, समोरच्याला चारी मुंड्या चीत करून टाक अशा अर्थाचं, तो पुन्हा पुन्हा आपटतो. जे क्रियापद बाकीचे लपवत होते तेच त्याने ढोल केलं. 'नॉहीगा हिपहाबुल आनुन्या'चंही तेच. '-नुन्या' हा जुन्या, वरच्या पट्टीतल्या सवालाचा शेवट आहे, रोजच्या बोलण्यातला नाही. त्या एका प्रत्ययाने गाण्याला दरबारात उभं राहून विचारल्याचा आव येतो. यमक न जुळवताही शेवट लक्षात राहतो तो असा.

---

कॅसेटपेटी

नादलय, प्रतिसाद खूण करून ठेवावा असा. एका बाबतीत मात्र मतभेद नोंदवतो. 'दाट यमक नाही' हे पहिल्या तीन अल्बमना लागू आहे. 'स्काय इज द लिमिट'पासून त्याची ओळ बदललेली आहे, आतल्या आत जुळणाऱ्या जागा खूप वाढल्या आहेत. त्या काळात मूव्हमेंट या रॅपरांच्या कंपूत त्याच्याभोवती गेको (डायनॅमिक ड्युओ) आणि टॅब्लो (एपिक हाय) यांच्यासारखे लिहिणारे होते, संगतीचा परिणाम दिसतो.

---

नादलय

वाढल्या आहेत, कबूल. पण त्या जागा तो पायाभूत रचना म्हणून वापरत नाही, जाता जाता टाकतो. गेकोच्या कडव्यात यमक काढून टाकलं तर इमारत कोसळते. जेकेच्या कडव्यात यमक काढलं तरी आवाज आणि थांबे तिला धरून ठेवतात. मी फरक हा म्हणतोय, उणीव नाही.

---

सोळामात्रा

मूव्हमेंटचा विषय निघालाच आहे तर त्याची रचना नीट लिहितो, कारण 'मूव्हमेंट ही कंपनी होती' असा समज फार पसरलेला आहे.

मूव्हमेंट हा कंपू. करार नाही, पगार नाही, मालकी नाही. २००० च्या आसपास जेकेच्या भोवती जमलेला. त्यात सीबी मास (पुढे यातल्या गेको आणि चोइजाचा डायनॅमिक ड्युओ), लीसांग, युन मिरे (गायिका-रॅपर, पुढे जेकेची पत्नी), बॉबी किम आणि त्याचा बुगा किंग्ज, शॉन टू स्लो, २००३ मध्ये पहिला अल्बम आणणारा एपिक हाय, अशी मंडळी. सगळे एकाच कंपनीचे नव्हते.

काम कसं चाले? एकाचा अल्बम निघाला की बाकीच्यांपैकी दोघं-तिघं त्यात एकेक कडवं देणार. ऐकणारा ड्रंकन टायगरसाठी तबकडी घेई आणि सहाव्या गाण्यात लीसांगशी ओळख होई. लीसांगची घेतली की डायनॅमिक ड्युओशी. ज्यांना जाहिरात परवडत नाही त्यांच्यासाठी अल्बममागचा नामनिर्देश हीच जाहिरात. चौथ्या-पाचव्या अल्बमच्या श्रेयनामावल्या शेजारी ठेवून पाहा, त्या काळातलं निम्मं कोरियन हिप हॉप तिथे हजर आहे.

कंपूचं दुबळेपण त्याच रचनेत होतं. करार नसल्यामुळे नावं मोठी झाल्यावर वेळापत्रकं जुळेनात. डायनॅमिक ड्युओने २००६ मध्ये अमीबा कल्चर काढली, एपिक हायने २००९ मध्ये मॅप द सोल. जेकेची स्वतःची आधी जंगल एंटरटेनमेंट, आणि २०१३ मध्ये युन मिरे व रॅपर बिझीसह फील गूड म्युझिक, सोलच्या उत्तरेला उइजॉंगबू शहरात. म्हणजे कंपू भांडून फुटला नाही, त्यातल्यांची घरं झाली. आजच्या कोरियन हिप हॉपमधल्या स्वतंत्र कंपन्यांची वंशावळ काढली तर बऱ्याच फांद्या या एका खोडाला येऊन मिळतात.

फील गूडमधूनच २०१९ मध्ये गायिका बीबी आली. तिचं 'बाम यांग गेंग' २०२४ मध्ये कोरियाभर वाजलं. ते रॅप नाही, लिहिलेलंही जांग गी-हा या गायक-गीतकाराचं. रॅपरने काढलेल्या कंपनीला आपल्याच साच्यातली माणसं लागत नाहीत, हा जेकेचा गुण यात दिसतो.

---

अक्षरगण

धन्यवाद, नादलय. म्हणजे आपल्या रॅपमध्येही 'आहे', 'होतं', 'गेला' यांचा हाच त्रास असणार.

---

ओवीकार

त्रास आहेच, पण आपल्याकडे त्यावरचा तोडगाही जुना आहे. मोठ्या अभंगाची रचना पाहा: चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. चौथा चरण मोकळा.

सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया

'विटेवरी' आणि 'कटावरी' जुळतात आणि क्रियापद 'ठेवोनिया' यमकाच्या बाहेर, शेवटच्या चार अक्षरांत जाऊन बसतं. वाक्य मराठी क्रमाने संपतं, पण जुळणी क्रियापदावर पडत नाही. वर नादलय यांनी सांगितलेला पहिला उपाय, म्हणजे क्रियापद पुढे ओढणं, इथे लागतच नाही. चरणांची लांबीच अशी आखली आहे की क्रियापदाला यमकानंतरची जागा मिळावी.

---

नादलय

ओवीकार, फार नेमकं. एक काटेकोर भर: 'वरी' हे दोन्हीकडे तेच शब्दयोगी अव्यय आहे, म्हणजे तेवढा भाग पुन्हा व्याकरणाने दिलेला. कान धरतो तो त्याच्या आधी 'विटे' आणि 'कटा' यांतला ट, आणि दोन्हीकडची चार अक्षरांची घडण. कोरियनमध्ये तपासतानाही हीच चाळणी लावायची: सारखा प्रत्यय वजा करा, मग काय उरतं ते पाहा.

कोरियन रॅपमध्ये चौथ्या चरणासारखी मोकळी जागा चौथ्या ठोक्यानंतर तयार करतात. यमक चौथ्या ठोक्यावर, आणि क्रियापदाचा प्रत्यय पुढच्या ओळीच्या पहिल्या ठोक्याआधी घाईने उरकलेला. जेकेच्या मागे रेंगाळण्याच्या सवयीत हे बरेचदा होतं.

---

पूर्वा_द

ज्यांना हे स्वतः कागदावर उतरवून पाहायचं आहे त्यांच्यासाठी पद्धत देते. कोरियन लिपी वाचता येणं पुरे, भाषा यायची गरज नाही. लिपी शिकायला फार वेळ लागत नाही.

१. शब्द कोरियन लिपीतच घ्या. रोमन लिपीतले घेतले तर 'eo' आणि 'eu' हे एकेक स्वर असूनही दोन-दोन दिसतात आणि अक्षरांची मोजणी पहिल्या ओळीतच फसते.

(देवनागरीतच लिहायचं तर: पहिला स्वर 'ऑ'च्या जवळ, दुसरा ओठ ताणलेला 'उ'.)

२. गाण्याची गती शोधा. मोबाइलवरची गती मोजणारी साधनं हिप हॉपमध्ये बरेचदा दुप्पट किंवा निम्मी गती दाखवतात. स्नेअरचा (कडक आवाजाच्या ढोलाचा) ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय का ते टाळीने तपासा. फक्त तिसऱ्या मात्रेवर पडत असेल तर आकडा दुप्पट, आणि प्रत्येक दोन मात्रांच्या मधोमध पडत असेल तर निम्मा.

३. एका ओळीला म्हणजे एका आवर्तनाला १६ चौकोन आखा, चार-चारच्या गटात. मिनिटाला ९० मात्रांच्या गतीत १६ आवर्तनांचं कडवं साधारण ४३ सेकंदांचं होतं. त्यापेक्षा फार वेगळं आलं तर गती पुन्हा तपासा.

४. अक्षरं चौकोनांत भरताना लिहिल्याप्रमाणे नाही, उच्चाराप्रमाणे भरा. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अक्षराच्या शेवटचं व्यंजन पुढे स्वर आला की पुढच्या अक्षरात सरकतं: लिहिलेलं 'उम-आक-ई', उच्चार 'उ-मा-गी'. पुढे न किंवा म आला तर शेवटचा क अनुनासिक होतो. गटातल्या सर्वांत धाकट्याला चाहते 'माक्ने' म्हणतात. कोरियन तोंडी तो 'माङ्ने' आहे.

५. आता फक्त स्वर रंगवा, एका स्वराला एक रंग. 'ए' आणि 'ऍ' लिपीत वेगळे असले तरी आजच्या सोलच्या बोलीत सारखेच ऐकू येतात, दोन्हींना एकच रंग द्या.

६. ओळीच्या शेवटचे क्रियापदाचे प्रत्यय पेन्सिलीने खोडा. जे रंगांचे पट्टे उरतील ते खरं यमक.

कोरियन अक्षरं लांबीला जवळपास सारखी असतात. म्हणून नवखा रॅपर सोळाच्या सोळा चौकोन एकसारखे भरतो आणि शिलाईयंत्रासारखी टकटक होते. चांगल्या कडव्यात रिकाम्या चौकोनांची जागा दर दोन ओळींनी बदलते. जेकेच्या तक्त्यात पहिला चौकोन पुष्कळदा रिकामा दिसेल.

---

अक्षरगण

पूर्वा, जबरदस्त. ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि नावांचा गोंधळ आहे. एके ठिकाणी त्याची चारच गाणी दिसतात.

---

सोळामात्रा

गोंधळाचं कारण साधं आहे. ऑनलाइन सेवांवर तो किमान तीन नावांखाली विखुरलेला आहे: १९९९ ते २०१८ 'ड्रंकन टायगर', स्वतंत्र गाणी 'टायगर जेके', आणि युन मिरे व बिझीबरोबरचं त्रिकुट 'एमएफबीटीवाय' (२०१३ पासून, मोठा अल्बम 'वंडरलँड' २०१५). नववा अल्बम 'साल्जा' तिघांच्या नावावर आहे म्हणून तो एका पानावर सापडतो, दुसऱ्यावर नाही. मार्च २०२१ मध्ये वितरक काकाओ एम आणि स्पॉटिफाय यांच्यात करारावरून अडलं तेव्हा शेकडो कोरियन गाणी काही दिवस जगभर गायब झाली होती. परत आली, पण त्याआधीच्या याद्यांत एखादं गाणं करडं दिसत असेल तर ते काढून नव्याने शोधून घाला.

ऐकण्याचा क्रम मी सालवार देणार नाही. आधी 'मॉन्स्टर', कोरियन आवृत्ती. याची इंग्रजी आवृत्तीही आहे. पहिल्यांदा तीच ऐकली तर नादलय यांनी सांगितलेला क्रियापदाचा खेळ निसटतो. मग '८:४५ हेवन' (२००७). आजी वारली त्या वेळेचं शीर्षक. हा अल्बम करताना त्याला मज्जारज्जूच्या दाहाचा आजार होता, काठीशिवाय चालणं अवघड होतं, औषधांनी अंग सुजलेलं. या गाण्यात त्याचा आवाज कुठेही चढत नाही, श्वास आखूड आहेत आणि ओळीही तेवढ्याच ठेवल्या आहेत. त्याच्या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची गोष्ट ही. मग मागे जाऊन १९९९ ची दोन गाणी. आधीच ती ऐकली तर ध्वनिमुद्रण जुनं वाटून मन उडतं.

'साल्जा' म्हणजे 'जगू या'. वडिलांच्या कर्करोगाच्या काळातला अल्बम. ते फेब्रुवारी २०१४ मध्ये गेले. समीक्षकाचा मुलगा म्हणून वाढलेल्या माणसाचा अल्बम असा ऐकला तर त्यातले साधे शब्द मुद्दाम साधे ठेवले आहेत हे जाणवतं.

---

कॅसेटपेटी

युन मिरेला या धाग्यात दोन ओळींत गुंडाळणं बरोबर नाही. १९९७ पासून अपटाउन या गटात, १९९९ मध्ये ताशानी, मग एकटीचं काम. आफ्रिकी-अमेरिकी सैनिक वडील आणि कोरियन आई. २००७ चं 'कॉमुन हेंगबोक' याच विषयावर, कोरियात वाढताना कातडीच्या रंगावरून काय वाट्याला आलं ते सांगणारं. निव्वळ रॅपचं कौशल्य मोजलं तर ती जेकेच्या पुढे आहे, आणि गातेही. तिच्यावर वेगळा धागा व्हायला हवा. २००७ मध्ये दोघांचं लग्न झालं म्हणून तिचं नाव त्याच्या कारकिर्दीत येऊ नये. तिचं काम त्याच्या पहिल्या यशाच्याही आधीचं आहे.

---

ओवीकार

सहमत. वेगळा धागा काढाच.

---

अक्षरगण

शेवटचा प्रश्न. २०१८ च्या दहाव्या अल्बममध्ये ३० गाणी आहेत. सगळी ऐकायची की निवडून?

---

नादलय

'एक्स: रीबर्थ ऑफ टायगर जेके' दोन तबकड्यांचा आहे. एका बैठकीत ऐकू नका. एकेक तबकडी वेगळ्या दिवशी घ्या. पहिल्यांदा 'टाइमलेस' ऐका, कारण त्यात बीटीएसचा आरएम आहे आणि पूर्वा यांच्या पद्धतीने तक्ता करायला हे गाणं उत्तम. दोघांची कडवी दोन कागदांवर आखा. आरएम वर्बल जिंटनंतरच्या शाळेतला. त्याच्या कागदावर रंगांचे पट्टे लांब येतील. जेकेच्या कागदावर रिकामे चौकोन मोजा. या अल्बमनंतर त्याने ड्रंकन टायगर हे नाव थांबवलं, त्यामुळे २०१८ च्या पुढचं सगळं टायगर जेके याच नावाखाली शोधायचं.